चार बोटं जागा

मिस्त्रींचा दिवस साडेचारला सुरू व्हायचा. स्वतःच्या कामासाठी नव्हे. सुतारकामाचा कारखाना आठला उघडायचा आणि घरापासून चालत दहा मिनिटांवर होता. मनात आणलं असतं तर सातपर्यंत लोळत पडता आलं असतं. पण बायको बस चालवायची. अकरा नंबरची पहिली गाडी पाच वीसला डेपोतून निघायची, आणि चोवीस वर्षांत ती कधी पाच एकवीसला निघाली नाही. म्हणून मिस्त्री साडेचारला उठायचे, चहा ठेवायचे आणि तिचे बूट दारापाशी जोडीने लावायचे.

चहा ती उभ्यानेच प्यायची. एका हातात कप, दुसऱ्या हाताने केसांना पिना, आणि तोंडाने हुकूम. "गॅसची नळी बदला. पोरीला फोन करा. ती खिडकी वाजतेय, बघा जरा." हुकूम आणि चहा एकदमच संपायचे. मग दार लागायचं आणि घर शांत व्हायचं. डेपोत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. बहुतेक सगळे 'अकरा नंबर' म्हणायचे. मिस्त्रींना ते आवडायचं. बायकोला गाडीच्या नंबराने ओळखतात म्हणजे काम चोख आहे.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी तिच्या डाव्या हातातून कप सुटला. तिने खाली बघितलं, मिस्त्रींकडे बघितलं आणि म्हणाली, "माझा हात कुठे गेला?"

अर्धांगाचा हलका झटका, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं वाचलं, नजर वाचली, पाय थोडा ओढत का होईना चालता राहिला. डावा हात तेवढा अडकला. बोटं आत वळली ती वळलीच. बस चालवायचा परवाना तिने स्वतः जाऊन परत केला. कुणी मागायच्या आधीच. डॉक्टरांनी मिस्त्रींना बाजूला घेऊन सांगितलं, "जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं. हात कामात ठेवा. नाहीतर बोटं तशीच आवळून बसतील." दाबायला एक स्पंजचा चेंडू दिला. तो खिडकीत ठेवला गेला आणि तिथेच त्याच्यावर धूळ चढली.

उठायची मात्र ती अजून साडेचारलाच. एका हाताने केस विंचरायची, चहा घ्यायची आणि हॉलमधल्या सोफ्यावर बंद टीव्हीसमोर बसायची. बोलायची, विचारलं तर. पण हुकूम बंद झाले होते. मिस्त्रींना हे जास्त लागलं. खिडकी वाजत होती. ती काही म्हणायची नाही. मिस्त्रींनी ती मुद्दाम दुरुस्त केली नाही. वाजू दिली. वारा सुटला की सगळी चौकट खडखडायची, आणि मिस्त्री स्वयंपाकघरात कान देऊन उभे राहायचे. हॉलमधून आवाज यायचा नाही.

मुलगी दूरच्या गावी इस्पितळात नर्स होती. फोनवर विचारायची, "आई काय म्हणते?"

"काही म्हणत नाही."

"तेच तर, बाबा," मुलगी म्हणायची.

मिस्त्री स्वतः निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. पण बायको घरी बसल्यावर काही महिन्यांनी एका दुकानाचं काम आलं आणि त्यांनी ते घेतलं. दुकान कॉम्प्युटरचं. सगळी काउंटरं, फडताळं, खणांची कपाटं नव्याने करायची होती. सहा आठवड्यांचं काम. मिळणाऱ्या मजुरीतून रंधा मारायचं मशीन घ्यायचं त्यांच्या मनात होतं. हाताचा रंधा अजून चालायचा, पण उजवा खांदा आता संध्याकाळी हिशेब मागायचा.

दुकानाची मालकीण पस्तिशीची. चष्मा डोक्यावर ठेवून दुकानभर शोधणारी. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "काका, खण नीट सरकले म्हणजे झालं. फार नक्षी नको."

"नीट म्हणजे कसे?"

"म्हणजे... उघडले पाहिजेत."

मिस्त्रींनी तिच्याकडे असं बघितलं की तिने विषय बदलला. खण नुसता उघडणं हे काम नव्हे. एका बोटाने ढकलला की तो सरळ जावा, शेवटच्या वितीत आपसूक मंदावा, आणि बंद झाल्यावर फळी आणि चौकट यांच्यामध्ये कागद शिरू नये. असे त्यांनी छत्तीस खण केले. सदतिसावा जरा घासत होता. तो मोडून पुन्हा केला.

चौथ्या आठवड्यात एक गिऱ्हाईक दुकानातल्या मोठ्या पडद्यासमोर चाक धरून बसलं होतं. पडद्यावर रस्ता होता. दोन्ही बाजूंना आरसे. पुढे थांबा, थांब्यावर माणसं. गिऱ्हाइकाने गाडी थांबवली, दार उघडलं, माणसं आत आली. मिस्त्रींच्या हातातली पटाशी तशीच राहिली.

"ताई, हे काय चाललंय?"

"गेम आहे, काका. बस चालवायचा."

"पैसे देऊन लोक बस चालवतात?"

"आवडीने. आणि वेळेवर नाही नेली तर गुण कापतात."

"प्रवासी भांडतात?"

मालकीण हसली. "भांडतात. तिकिटावरून."

त्या दिवशी मिस्त्रींनी पुढचा खण जरा वाकडा लावला. त्यांच्या आयुष्यातला पहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काढून सरळ केला आणि मालकिणीसमोर जाऊन उभे राहिले. "ताई, आमच्या हॉलमधल्या टीव्हीवर हे चालेल? बायकोसाठी पाहिजे. चोवीस वर्षं बस चालवलीय तिने. आता हात अडकलाय."

मालकिणीने डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मग तिने घाई केली नाही. एकेक यंत्र समोर मांडलं.

पहिलं होतं गुडघ्याएवढं उभं खोकं. ताकद भरपूर, काचेची बाजू, आत रंगीत दिवे. मिस्त्रींनी मागे वाकून बघितलं. "वायरी किती आहेत. तिचा पाय ओढतो. अडकली तर?" ते गेलं.

दुसरं जाडजूड पुस्तकाएवढं. आवाज नाही, दिवा नाही. मिस्त्रींना बघताक्षणी पसंत पडलं. मालकिणीने नाही म्हटलं. "हे पत्रव्यवहाराला ठीक आहे, काका. यात चित्र उभं करणारा वेगळा भाग नाही. गाडी गर्दीत शिरली की चित्र अडखळणार."

"म्हणजे ब्रेक दाबला आणि गाडी उशिरा थांबली, असं?"

"तसंच."

"मग नको. ती पहिल्याच थांब्यावर उतरून जाईल."

तिसरं बुटाच्या खोक्याएवढं होतं. काळा पत्रा, समोर एकच बटण. चित्राचा वेगळा भाग आत पक्का बसवलेला, टीव्हीला एकच वायर. मिस्त्रींनी ते उचललं, वजन तोललं, कडांवरून अंगठा फिरवला. "पत्रा चांगला वाकवलाय. कोपऱ्यांना धार सोडलेली नाही." मग म्हणाले, "तासभर पळवा."

"काय पळवू?"

"हेच. गाडी. चढावर."

मालकिणीने गेम लावून दिला. मिस्त्री शेजारी खणांना मुठी बसवत राहिले, एक कान यंत्राकडे ठेवून. पंखा फिरत होता, पण एका सुरात. लाकूड कापताना करवतीचा सूर बदलला की गाठ लागली समजायचं. इथे सूर बदलला नाही. तासाने त्यांनी यंत्रावर हात ठेवला. कोमट. "हेच द्या," ते म्हणाले.

"सोबत चाक आणि पायाखालचे ब्रेक देते. आणि एक ऐका, काका. हे लहान आहे, म्हणून ताप लवकर धरतं. ठेवाल तिथे चारी बाजूंनी चार बोटं जागा मोकळी सोडा. मागे तर नक्कीच."

मिस्त्रींनी मान हलवली. पण चार बोटं त्यांच्या कानावरून गेली, आत शिरली नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी फटी बुजवल्या होत्या. त्यांच्या हाताखालच्या कुणी कपाटात चार बोटं फट सोडली असती, तर त्यांनी त्याला गवंड्याकडे कामाला पाठवलं असतं.

काम संपलं त्या दिवशी मालकीण मजुरीचं पाकीट घेऊन आली. मिस्त्रींनी ते काउंटरवरच ठेवलं आणि तिच्याकडे सरकवलं. "राहू द्या इथेच. यंत्र बांधून द्या."

आता घोडं दोन ठिकाणी अडलं होतं. एक म्हणजे चाक. दुकानातलं चाक ताटलीएवढं. बसचं परातीएवढं. आणि दुसरं, बायकोने इस्पितळातून घरी येताच बजावलं होतं, "घरात दवाखान्याचं काही दिसता कामा नये." यंत्र दिसलं, वायरी दिसल्या की तिला तो आणखी एक स्पंजचा चेंडू वाटणार होता.

मिस्त्री एक लांब पट्टी आणि पेन्सिल घेऊन डेपोत गेले. मोजायची टेप ते महत्त्वाच्या कामाला वापरत नसत. टेपवरचा आकडा लक्षात ठेवावा लागतो आणि माणूस चुकतो. पट्टीवर खूण केली की खूण चुकत नाही. तिचा जुना कंडक्टर फाटकातच भेटला. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून यांना दाजी.

"दाजी, पट्टी कशाला? गाडी न्यायला आलात की काय?"

"हो. एक माप घेतो आणि नेतो."

"न्या बाबा. ताई घरी बसल्यापासून अकरा नंबर वेळेवर निघतच नाही. नवा ड्रायव्हर आधी चहा पितो आणि मग घड्याळ बघतो."

दोघं तिच्या गाडीत चढले. मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागेवर बसले. जागेपासून चाकाचं अंतर, चाकाचा घेर, त्याचा कल, पायाखालच्या ब्रेकची उंची, सगळ्याच्या खुणा पट्टीवर उतरवल्या. मग चाकावरून हात फिरवताना ते थांबले. वरच्या डाव्या बाजूला, घड्याळात दहाचा आकडा असतो तिथे, चाक झिजलं होतं. तळव्याएवढी जागा गुळगुळीत, किंचित खोलगट.

"इथे काय झालंय?"

"ताईंचा डावा हात," कंडक्टर म्हणाला. "उजवा सगळीकडे फिरायचा. दार, दिवे, आरसा. डावा तिथून हलायचा नाही."

मिस्त्रींनी पट्टी त्या जागेवर धरली आणि दोन खुणा केल्या.

घरामागच्या शेडमध्ये तीन आठवडे गेले. चाकासाठी लाकडाच्या पातळ पट्ट्या पाण्यात भिजवल्या, साच्याभोवती वाकवल्या, एकावर एक चिकटवल्या. पहिलं चाक वाळताना तडकलं. दुसरं एका बाजूला तीळभर जाड झालं. तिसरं जमलं. ते त्यांनी विकतच्या चाकावर चार बोल्टांनी बसवलं. दहाच्या आकड्यापाशी पट्टी धरून कानशीने तळव्याएवढी जागा घासली, मग काचकागदाने, मग नुसत्या कापडाने.

यंत्रासाठी टीव्हीच्या खाली कपाट केलं. लाकूड जुन्या दाराचं, साठ वर्षं मुरलेलं. मागची फळी एकसंध, आरशासारखी, पॉलिशचे पाच हात दिलेली. फळी भिंतीकडे असणार, ती कुणी बघणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून तर ती नीट करायची. पुढून दार. दार लागलं की आतला उजेडसुद्धा बाहेर येऊ नये.

एके सकाळी ती आंघोळीला गेल्यावर त्यांनी सगळं हॉलमध्ये मांडलं. ती बाहेर आली. टीव्हीसमोर खुर्ची, खुर्चीपुढे तिवईवर भलंमोठं लाकडी चाक.

"हे काय?"

"बस."

तिने चाकाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "साठीला आल्यावर मला खेळणं आणलंत?"

इथे गप्प बसायला हवं होतं. मिस्त्री म्हणाले, "हाताला व्यायाम होईल."

तिचा चेहरा दार लागावं तसा बंद झाला. "दवाखाना घरात नको म्हटलं होतं ना मी," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

तीन दिवस चाक तसंच उभं राहिलं. ती त्याच्याकडे पाठ करून सोफ्याच्या टोकाला बसायची.

चौथ्या दिवशी पाच वीसला मिस्त्री स्वतः खुर्चीत बसले. डावपेच वगैरे काही नव्हता. मजुरी वाया गेली की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्यांनी उभ्या आयुष्यात सायकलखेरीज काही चालवलं नव्हतं. गाडी डेपोतून निघाली ती फाटकाचा खांब घासून. पहिल्या वळणावर ती पदपथावर चढली. आतले प्रवासी ओरडायला लागले. मिस्त्रींनी घाबरून पाय दाबला तो नेमका चुकीचा.

"ब्रेक!" मागून आवाज आला. "अहो, ब्रेक! डावीकडचा!"

"डावीकडचाच दाबतोय!"

"तुमचं डावं बघा जरा! आरसा बघा! थांब्यावर माणसं उभी आहेत. त्यांना आत घ्यायचंय, अंगावर नाही घालायचंय!"

गाडी थांब्याच्या छपराला टेकून थांबली. पडद्यावरची एक म्हातारी हात हलवून काहीतरी वाईट बोलत होती.

"सरका," बायको म्हणाली.

"मला जमतंय आता."

"सरका म्हटलं ना. माणसं खोळंबलीत."

मिस्त्री सरकले. ती बसली, आधी खुर्ची थोडी मागे घेतली, मग पुढे, मग पुन्हा मागे, शेवटी होती तिथेच आणली. उजव्या हाताने चाक धरलं. गाडी पदपथावरून अशी उतरली की प्रवासी गप्प झाले.

मग रोजचं झालं. पाच वीसला गाडी निघायची. मिस्त्री सोफ्यावर बसून चहा प्यायचे. ती एका हाताने चालवायची, आणि एका हातानेही मिस्त्रींच्या दोन हातांपेक्षा शंभर पटींनी बरी. पण डावा हात मांडीवरच असायचा, मूठ वळलेला. चाकावरची घासलेली जागा रिकामी वर जायची, रिकामी खाली यायची. मिस्त्री तिकडे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. एकदा बोलून झालं होतं.

आठव्या दिवशी तिने डोंगरातला लांब रस्ता निवडला. अर्ध्या चढावर टीव्हीखालून सूं आवाज सुरू झाला. वाढत गेला. मग पडद्यावरचा रस्ता अडखळायला लागला. एक झाड दिसायचं, मग थबकायचं, मग एकदम मागे गेलेलं असायचं. तिने गाडी कडेला घेतली, दिवे लावले, हँडब्रेक ओढला.

"अहो, गाडी तापलीय."

"टीव्हीतली?"

"टीव्हीतली नाही. ही. तो आवाज ऐका."

"पंखा आहे तो."

"पंखा आहे हे मलाही कळतं. पंखा का बोंबलतोय?" ती उठली, पाय ओढत कपाटापाशी गेली आणि दारावर हात ठेवला. "हात लावा इथे."

मिस्त्रींनी लावला. इस्त्रीसारखं तापलेलं.

"यंत्र बंद करा आधी. हिच्या मागे वारा जायला वाट कुठेय?"

"मागे फळी आहे."

"फळी आहे ते कळलं. वारा कुठून जातो?"

"जात नाही," मिस्त्री म्हणाले. सवयीने छाती पुढे आली. "वारा काय, कागद जाणार नाही."

बोलून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं.

"दुकानवाली काही बोलली नव्हती?"

"बोलली होती. चार बोटं जागा सोडा म्हणाली."

"मग?"

"चार बोटं फट म्हणजे गवंड्याचं काम झालं गं."

ती हसली. आधी नाकातून, मग पोटातून, मग सोफ्याची कड धरून. "चोवीस वर्षांत मी एक इंजिन तापू दिलं नाही," ती म्हणाली, "आणि तुम्ही आठ दिवसांत, तेसुद्धा पॉलिश करून!" डोळे पुसून झाल्यावर तिने कपाटाकडे बोट दाखवलं. "काढा ती फळी. भोकं पाडा तिला."

मिस्त्री तसेच उभे राहिले. फळीचा विचार मनात होताच. पाच हात पॉलिश. पण आठ महिन्यांनी कानावर पडलेला हा घरातल्या कामाचा पहिला हुकूम होता.

"नुसती काढून ठेवली तर?"

"धूळ कोण खाणार मग? रेडिएटरलाही जाळी असते. भोकं पाडा. आत्ता. गाडी चढावर उभी आहे."

फळी शेडमध्ये नेऊन शिकंज्यात धरायची, ही रीत. पण आत्ता म्हणजे आत्ता. मिस्त्रींनी हॉलच्या मध्यात दोन स्टुलं ठेवली, त्यांवर फळी आडवी टाकली आणि ड्रिल लावलं. फळी थरथरली आणि गोल फिरायला लागली.

"धर जरा," ते म्हणाले. विचार करून नव्हे. कारखान्यात शेजारच्याला म्हणायचे तसं.

तिने उजवा हात ठेवला. फळी त्या हाताभोवती फिरली. "अहो, नाचतेय ही."

"मग घट्ट धर."

तिने डावा ठेवला. आधी मूठच, बोटांची हाडं टेकवून. मूठ घसरली. फळी पुन्हा फिरली. ती चिडली, खांदा पुढे घेतला, वजन टाकलं, आणि त्या वजनाखाली मूठ हळूहळू चपटी झाली. आधी अंगठा बाहेर आला. मग तळवा लाकडाला लागला.

मिस्त्रींनी ते बघितलं. ड्रिल थांबवलं नाही. थांबवलं असतं तर तिने खाली बघितलं असतं.

बारा भोकं पुरली असती. त्यांनी चाळीस पाडली.

"चाळणी करताय काय?" ती ओरडली.

"हवा खेळायला पाहिजे. धरून ठेव."

खांदा भरून आला तेव्हाच ते थांबले. भुसा झाडला, फळी परत बसवली, यंत्र पुढे ओढलं. "चार बोटं बघ गं सोडलीत का. डावीकडून घाल, उजवीकडून हात पोचत नाही."

ती वाकली. डावा हात यंत्र आणि लाकूड यांच्या मधल्या फटीशी नेला. तिथे तो थांबला. मिस्त्री विनाकारण स्क्रू मोजत बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तीन बोटं गेली. करंगळी अडते."

"मग एक बोटभर सरकवतो."

"यंत्र नका सरकवू," ती म्हणाली. "जागा बरोबर आहे. करंगळीला वेळ लागेल."

दुसऱ्या दिवशी पाच वीसला गाडी निघाली. चढ आला. पंखा एका सुरात फिरत राहिला. वळणाआधी तिला दार उघडायचं बटण दाबायचं होतं, म्हणून उजवा हात चाकावरून निघाला. त्याच वेळी डावा वर गेला आणि दहाच्या आकड्यावर बसला. पुरता नाही. पण बसला. तिने गाडी थांबवली, माणसं घेतली, आणि मग चाकाकडे नीट बघितलं.

"ही जागा कुणी घासली?"

"मी."

"कळलं कसं तुम्हाला?"

"डेपोत जाऊन बघून आलो. पट्टी घेऊन."

पडद्यावर एक प्रवासी घड्याळ बघत होता. "चोवीस वर्षांची झीज," ती म्हणाली, "एका संध्याकाळी केलीत."

"तीन संध्याकाळी लागल्या."

तिने गाडी पुढे काढली. बाहेर वारा सुटला होता. खिडकीची चौकट खडखडली, थांबली, पुन्हा खडखडली. मिस्त्रींनी कप तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"अहो," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "ती खिडकी वाजतेय."

"आठ महिने वाजतेय."

"मग आठ महिने करत काय होतात? उठा. आणि गाडी चालू असताना असे मध्ये उभे राहू नका, बाजूने जा."

मिस्त्री बाजूने गेले. रंध्याचं मशीन आलं नाही. सहा आठवड्यांच्या मजुरीत बुटाच्या खोक्याएवढं एक यंत्र आलं, ताटलीएवढं चाक आलं. खिडकीची पाचर त्यांनी हाताच्या रंध्यानेच तासली, कपातला चहा गार व्हायच्या आत.